दोन मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड आणि घाईचे निदान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांतही आता एका संगणकाला दोन किंवा तीन मॉनिटर जोडलेले दिसणे नवलाचे राहिलेले नाही. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले एका पडद्यावर मजकूर आणि दुसऱ्यावर मांडणी ठेवतात. लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणाऱ्या स्टुडिओंत टाइमलाइन एकीकडे आणि चित्र दुसरीकडे असते. आपले सरकार सेवा केंद्रांत अर्जदाराला स्वतःचे नाव आणि जन्मतारीख तपासता यावी म्हणून एक मॉनिटर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत तर एका पडद्यावर फळा, दुसऱ्यावर ऑनलाइन तासाचे प्रक्षेपण आणि तिसऱ्यावर सीसीटीव्ही अशीही व्यवस्था आढळते. या सोयीबरोबर एक तक्रार हमखास येते. संगणकावर विशेष काही चालू नसताना ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाचा, वापर तीस, चाळीस, कधी साठ टक्के दिसतो, पंखा घरघरत राहतो, माउसचा बाण अडखळतो. यावर बाजारात दोनच उपाय सांगितले जातात : एक तर फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका, नाही तर नवे कार्ड घ्या. संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करत असल्याने असे संगणक माझ्या टेबलावर सतत येतात, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की त्यांतील बहुतेकांना या दोहोंपैकी कशाचीही गरज नसते. ती टक्केवारी नेमकी कशाची आहे, कोणत्या कामाची आहे आणि कोणत्या पोर्टातून (मॉनिटरची केबल जोडायच्या जागेतून) निघालेल्या चित्राची आहे, एवढे पाहण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. ते कसे पाहावे हे आपल्या वाचकांपुढे मांडावे, यासाठी हे पत्र.

विंडोजमध्ये पडद्यावर दिसणारी प्रत्येक खिडकी आधी ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत स्वतंत्रपणे रेखाटली जाते आणि मग डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाची प्रणाली त्या सगळ्या खिडक्या एकावर एक रचून अंतिम चित्र तयार करते. ही पद्धत २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सुरू झाली आणि विंडोज ८ पासून ती बंद करण्याची सोयच उरलेली नाही. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅम आणि त्यांचा भार दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत) हे नाव वर दिसले की ‘व्हायरस आला’ असे समजून ते बंद पाडण्याचा खटाटोप करू नये. ते बंद पाडले तरी विंडोज ते पुन्हा सुरू करते, आणि तसे करताना पडदा क्षणभर काळा होतो, एवढाच त्याचा परिणाम. ध्यानात घ्यायचे ते असे की या रचनेचे काम पडद्यांच्या संख्येने, त्यांच्या आकाराने आणि वेगाने वाढते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या साध्या मॉनिटरवर सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. तेच फोर-के मॉनिटरवर सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे बरोबर चौपट. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचे झाले तर साध्या मॉनिटरसाठी सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदू आणि फोर-केसाठी ४९ कोटी ७७ लाख बिंदू दर सेकंदाला पाठवावे लागतात. जुन्या मॉनिटरशेजारी ‘फक्त एक’ फोर-के मॉनिटर वाढवला असे मालक म्हणतो, तेव्हा कार्डाच्या हिशेबात त्याने आणखी चार मॉनिटर जोडलेले असतात.

मात्र पडद्यावर काहीही हलत नसेल, तर खिडक्या नव्याने रचण्याची गरज पडत नाही. कार्ड फक्त तयार चित्र मॉनिटरला पुन:पुन्हा पाठवत राहते. कोपऱ्यात का होईना, काही सतत हलत असेल तरच रचनेचे काम अखंड चालते. हलता वॉलपेपर, शेअर बाजाराची सरकती पट्टी, ब्राउझरच्या कुठल्या तरी टॅबमध्ये वाजत राहिलेली जाहिरात, दुसऱ्या मॉनिटरवर दिवसभर उघडा असलेला सीसीटीव्ही, असे काहीही त्यात येते. म्हणून ‘मी तर काहीच करत नाही’ या ग्राहकाच्या वाक्यावर विसंबू नये. तो काही करत नसला तरी पडदा काय करतो आहे, ते दोन्ही मॉनिटर समोर ठेवून स्वतः पाहावे.

आता त्या टक्केवारीविषयी. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाची माहिती ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून दिसू लागली आणि तेव्हापासूनच हा आकडा घबराटीचे कारण झाला. कार्डाच्या आत निरनिराळी इंजिने असतात : थ्रीडी चित्र काढणारे वेगळे, मेमरीतली माहिती इकडून तिकडे नेणारे कॉपी इंजिन वेगळे, व्हिडिओ उलगडणारे वेगळे आणि तो बांधणारे वेगळे. यादीत प्रत्येक प्रोग्रॅमपुढे जी टक्केवारी दिसते ती त्यांपैकी सर्वांत गुंतलेल्या एकाच इंजिनाची असते, संपूर्ण कार्डाची नसते. शिवाय ती ‘ते इंजिन किती वेळ कामात होते’ याचे प्रमाण सांगते. त्या वेळात त्याची गती किती होती, हे सांगत नाही. काम कमी असले की कार्ड वीज वाचवण्यासाठी आपली गती पुष्कळ खाली आणते. १८०० मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकणारे कार्ड ३०० मेगाहर्ट्झवर संथपणे चालत असताना ४० टक्के गुंतलेले दिसले, तर ते पूर्ण गतीच्या सात टक्क्यांहूनही कमी काम झाले. ठिबकची बारीक नळी काठोकाठ भरून वाहिली तरी तिचे पाणी तीन इंची पाइपलाइनच्या पाव भरल्या पाण्याची बरोबरी करत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. संगणकाच्या दुकानात मात्र ते रोज सांगावे लागते. यासाठी जीपीयू-झेडसारखे फुकट मिळणारे साधन उघडून टक्केवारीच्या जोडीला कार्डाची गती, मेमरीची गती, तापमान आणि विजेचा वापर हे चार आकडे पाहावेत. गती तळाशी, तापमान आटोक्यात आणि वीज थोडी असेल, तर तीस-चाळीस टक्क्यांकडे दुर्लक्ष करून खुशाल आपले काम करावे.

गती तळाशी जात नसेल तर पुढचा संशय मॉनिटरच्या जोडीवर घ्यावा. अलीकडे १४४ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारे, मॉनिटर बरेच स्वस्त झाले आहेत, आणि जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर टाकून देववत नाही म्हणून लोक दोन्ही शेजारी-शेजारी लावतात. त्यातील मेख अशी की कार्डाला आपल्या मेमरीची गती बदलायची असेल, तर मॉनिटरला एक चित्र पाठवून झाल्यावर आणि दुसरे सुरू होण्याआधी जो अतिसूक्ष्म विराम मिळतो, त्यातच ती बदलता येते. नाही तर पडदा लुकलुकतो. एकच मॉनिटर असेल तर असा विराम नेमाने मिळतो. दोन सारखे मॉनिटर असतील तर त्यांचे विराम जुळवता येतात. पण एक सेकंदाला ६० वेळा आणि दुसरा १४४ वेळा चित्र मागत असेल, तर दोघांचे विराम एकत्र येत नाहीत, आणि मग कार्ड धोका न पत्करता मेमरीची गती कायम वरच ठेवते. कार्ड रिकामे असूनही गरम राहते, ते यामुळे. हा दोष काही केवळ स्वस्तातल्या कार्डांचा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७९०० मालिकेतील महागड्या कार्डांच्या बाबतीत मोठ्या आणि वेगवान मॉनिटरांबरोबर रिकाम्या वेळी जास्त वीज खर्च होते, हे खुद्द कंपनीने ड्रायव्हरच्या (विंडोजला कार्ड वापरता यावे म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ज्ञात अडचणींत नोंदवले होते आणि नंतरच्या ड्रायव्हरांत त्यावर सुधारणा केल्या.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. जीपीयू-झेड उघडे ठेवून दुसऱ्या मॉनिटरची केबल काढावी. मेमरीची गती आणि विजेचा आकडा लगेच खाली आला, तर कारण सापडले. मग सेटिंग्जमधील सिस्टीम, डिस्प्ले आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्ले येथे जाऊन वेगवान मॉनिटर १४४ ऐवजी १२० हर्ट्झवर आणून पाहावा, कारण १२० ही ६० ची बरोबर दुप्पट असल्याने अनेक कार्डांत एवढ्यानेच काम भागते. नाही भागले तर दोन्ही ६० वर ठेवावेत. पत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्याला १४४ हर्ट्झचा काहीही उपयोग नसतो, हे मी दुकानदारांची नाराजी पत्करूनही सांगतो. वेगवेगळ्या वेगाचे मॉनिटर एकत्र असताना होणारा चित्राचा अडखळेपणा मे २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीत बराच कमी झाला, त्यामुळे त्याहून जुनी विंडोज अजूनही वापरणाऱ्यांनी आधी ती अद्ययावत करावी. (येथे २००४ हे साल नव्हे, आवृत्तीचा क्रमांक आहे.) या सगळ्याचा संबंध वीजबिलाशीही आहे. कार्ड रिकामे असताना ३० वॅट जास्त ओढत असेल, तर दिवसाला दहा तासांप्रमाणे महिन्याला नऊ युनिट होतात. एका संगणकापुरते ते किरकोळ आहेत. पण वीस संगणकांच्या वर्गात ते १८० युनिट होतात, आणि वीज गेल्यावर यूपीएस अपेक्षेपेक्षा आधी बसतो त्यालाही असा वाढीव भार हातभार लावतो. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. दोन मॉनिटर आणि कार्ड असलेल्या संगणकाला तो पुरेल की नाही, हा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो.

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा येणारे कारण मात्र याहून साधे आहे, आणि ते कॅबिनेटच्या पाठीमागे असते. एक मॉनिटर ग्राफिक्स कार्डाला आणि दुसरा मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य पाटीच्या) पोर्टाला जोडलेला असतो. कार्डावर एचडीएमआय एकच असते, दुसऱ्या मॉनिटरची केबल व्हीजीए या जुन्या प्रकारची असते, कन्व्हर्टर हाताशी नसतो, आणि मदरबोर्डवर मोकळे पोर्ट दिसते. जोडणारा माणूस केबल तिथे खोचतो आणि चित्र आले म्हणून निघून जातो. अशा जोडणीत प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स एक पडदा सांभाळते आणि कार्ड दुसरा. मिक्सिंगचा प्रोग्रॅम कार्डावर चालत असून त्याची खिडकी मदरबोर्डच्या मॉनिटरवर ओढली, की तयार झालेली प्रत्येक चौकट कार्डाच्या मेमरीतून संगणकाच्या रॅममध्ये नकलावी लागते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात ग्राफिक्सचे दोन स्वतंत्र आलेख दिसत असतील आणि कॉपी इंजिनाचा आलेख सतत उंच असेल, तर हेच घडते आहे असे समजावे. उपाय असा की मुख्य कामाचे सगळे मॉनिटर कार्डालाच जोडावेत. लागलाच तर कन्व्हर्टर विकत घ्यावा. तो नव्या कार्डापेक्षा केव्हाही स्वस्त पडतो. मात्र कार्डावर व्हीजीए नसून डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारचे पोर्ट असेल आणि त्यातून जुना मॉनिटर चालवायचा असेल तर कोणता कन्व्हर्टर चालेल, हे दुकानात कार्ड दाखवूनच ठरवावे.

हा नियमही डोळे मिटून पाळण्याचा नाही. ज्या मॉनिटरवर दिवसभर फक्त सीसीटीव्ही किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम असतो, तो मुद्दाम मदरबोर्डला जोडणे शहाणपणाचे ठरू शकते, कारण त्यामुळे कार्ड मिक्सिंगसाठी मोकळे राहते. अट एवढीच की तो प्रोग्रॅमही अंगभूत ग्राफिक्सवरच चालला पाहिजे. सेटिंग्जमधील डिस्प्लेच्या ग्राफिक्स या भागात प्रत्येक प्रोग्रॅमसाठी ‘पॉवर सेव्हिंग’ किंवा ‘हाय परफॉर्मन्स’ असे निवडता येते. तिथे सीसीटीव्हीला पहिला आणि मिक्सिंगला दुसरा पर्याय द्यावा. ज्यांच्या इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी एफ हे अक्षर आहे, त्यांच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्सच नसते, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टातून त्यांना चित्र मिळणार नाही; पोर्ट बिघडले म्हणून मदरबोर्ड बदलण्यापूर्वी एवढे वाचून पाहावे. यूएसबीतून एचडीएमआय काढून देणारे जे अडॅप्टर मिळतात, त्यांतील बरेचसे चित्र दाबून लहान करून यूएसबीतून पाठवतात आणि ते दाबण्याचे काम संगणकाच्याच प्रोसेसरवर व ग्राफिक्सवर पडते. सेवा केंद्रातल्या अर्जदाराच्या मॉनिटरसाठी ते ठीक आहेत. व्हिडिओसाठी ते घेऊ नयेत.

व्हिडिओची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, की सीसीटीव्हीचे नवे कॅमेरे बहुधा एच.२६५ या पद्धतीने चित्र पाठवतात आणि यूट्यूबवरील पुष्कळ व्हिडिओ आता एव्ही१ पद्धतीने येतात. कार्डात त्या पद्धतीचे इंजिन असेल तर काम व्हिडिओ डिकोड या आलेखात थोडक्यात उरकते; नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि संगणक हँग झाल्यासारखा वाटतो. आपल्या भागातील जुन्या संगणकांत हटकून आढळणाऱ्या जीटी ७१० सारख्या कार्डांत एच.२६५ उलगडण्याची सोय नाही. एव्ही१ ची सोय तर २०२० मध्ये आलेल्या आरटीएक्स ३० मालिकेपासून आणि इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे मिळू लागली. सोळा कॅमेऱ्यांची जाळी दुसऱ्या मॉनिटरवर पूर्ण दर्जाने उघडी ठेवण्याऐवजी कॅमेऱ्याची कमी दर्जाची दुसरी धारा निवडली, तर त्या लहान चौकोनांत डोळ्यांना फरक कळत नाही आणि भार मात्र लक्षणीय घटतो. शिकवणी वर्गांत प्रक्षेपणासाठी ओबीएस नावाचा प्रोग्रॅम वापरतात; त्यातही तास सुरू झाल्यावर प्रिव्ह्यू बंद करता येतो, आणि तो करावा. ब्राउझर भार टाकत असेल तर त्याच्याच आत शिफ्ट आणि एस्केप दाबून कोणता टॅब दोषी आहे ते क्रोम व एजमध्ये पाहता येते. ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा’, म्हणजे ब्राउझरचे चित्राचे काम ग्राफिक्स कार्डाकडे देणे थांबवा, हा सल्ला व्हिडिओंतून फार दिला जातो. तो परीक्षेपुरता ठीक आहे, पण कायमचा केला तर ग्राफिक्सचा आकडा खाली येतो आणि प्रोसेसरचा वर जातो. ओझे या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते एवढेच. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींत) बदल करून मल्टिप्लेन ओव्हरले, म्हणजे काही खिडक्या रचनेत न घेता थेट पडद्याकडे पाठवण्याची सोय, बंद करण्याचा उपायही असाच. तो मुळात पडदा लुकलुकण्यावरचा आहे, भार कमी करण्यावरचा नाही. उलट ती सोय बंद केल्यावर खिडक्या रचण्याचे काम वाढू शकते.

सगळे प्रोग्रॅम बंद केले, एकच मॉनिटर ठेवला, तरी कार्ड पूर्ण गतीने आणि नव्वद टक्क्यांच्या वर चालले आहे, आणि टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर भार नाहीसा होतो, असे दिसले तर मामला वेगळा आहे. हे लक्षण आभासी चलन खणणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅमचे असू शकते, कारण त्यांतील काही टास्क मॅनेजर उघडल्याचे ओळखून दडी मारतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलल्यावर ग्राफिक्स कार्डावर ते चलन खणणे संपले, पण इतर चलनांसाठी दुसऱ्याचे कार्ड राबवणे थांबलेले नाही. आपल्याकडे हा प्रकार शिरतो तो प्रामुख्याने क्रॅक केलेल्या (परवाना तोडून फुकट वापरल्या जाणाऱ्या) मिक्सिंगच्या आणि डिझाइनच्या प्रोग्रॅममधून, तसेच कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाँटच्या आणि अल्बम डिझाइनच्या गठ्ठ्यांतून. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ही फाइल चालवा’ अशी सूचना ज्या प्रोग्रॅमसोबत येते, तो चालवणाऱ्याने पुढे कार्डाला दोष देऊ नये. येथे मात्र मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करावा, आणि त्याने भागले नाही तर विंडोज नव्याने टाकणेच योग्य. नव्याने टाकलेल्या विंडोजवर पुन्हा तोच क्रॅक चढवायचा असेल, तर ते पैसे वाचवलेले बरे.

मराठवाड्यापुरते आणखी एक कारण आहे, आणि ते उन्हाळ्यात ठळकपणे दिसते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेड, जालना भागात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, दुकानाचे छत पत्र्याचे असते, आणि लग्नसराईही नेमकी तेव्हाच असल्याने स्टुडिओंत रात्रंदिवस रेंडर (व्हिडिओची अंतिम फाइल तयार करण्याचे काम) लावलेले असतात. तापमान मर्यादेला टेकले की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करते. गती कमी झाली की तेच काम उरकायला इंजिनाला जास्त वेळ गुंतावे लागते, आणि टक्केवारी वाढलेली दिसते. म्हणजे डिसेंबरात जे काम ४५ टक्क्यांत होत होते, ते मे महिन्यात ७० टक्के दाखवू शकते, आणि मालकाला वाटते की कार्ड म्हातारे झाले. अशा वेळी कॅबिनेट भिंतीपासून दूर ओढावे, ब्लोअरने धूळ काढावी आणि कार्ड बरेच जुने असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण हवेच्या जोराने तो भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाऊ शकते. कॅबिनेटचे झाकण काढून समोर टेबल-पंखा लावण्याची आपल्याकडची रीत दोन दिवसांची नड भागवण्यापुरती ठीक आहे. कायमची केली तर धूळच अधिक आत जाते.

ड्रायव्हरविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. अडचण अचानक, एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झाली असेल, तर आधीचा ड्रायव्हर परत आणून पाहावा. कार्डाचा मूळ ड्रायव्हर निघून जाऊन मायक्रोसॉफ्टचा प्राथमिक ड्रायव्हर बसला असेल, तर दुसरा मॉनिटर धड चालतच नाही आणि सगळे चित्र प्रोसेसरला काढावे लागते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे नाव दिसते की नाही, यावरून ते लगेच कळते. पडदा मध्येच गोठला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबल्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि उघडे काम सहसा जात नाही. जीटी ७१० ज्या केप्लर घराण्यातील आहे, त्याला एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२१ पासून नवे ड्रायव्हर देणे थांबवले आणि सुरक्षेपुरत्या दुरुस्त्याही सप्टेंबर २०२४ पर्यंतच देण्याचे ठरवले होते. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्याकडे ही जोडी अजून आहे, त्यांनी एवढ्यातेवढ्यासाठी नवा ड्रायव्हर शोधत बसू नये.

मग नवे कार्ड कोणी घ्यावे? वरील सगळे तपासून झाल्यावर, कार्डाची गती पूर्ण वर असताना, स्वतःच्या खऱ्या कामाने ज्याचे थ्रीडी इंजिन किंवा मेमरी सतत भरलेली राहते, त्याने. त्यातही पेटीवरचे नाव पाहून फसू नये. जीटी १०३० याच एका नावाने दोन निराळी कार्डे विकली गेली : २०१७ मध्ये आलेल्या जीडीडीआर५ मेमरीच्या कार्डाची मेमरी सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती हलवते, तर नंतर आलेल्या डीडीआर४ च्या कार्डाची केवळ १६.८ गिगाबाइट. दोन-तीन मॉनिटरचे चित्र सतत मेमरीतून वाचले जात असताना हा फरक थेट जाणवतो. ज्यांच्याकडे कार्डच नाही आणि अंगभूत ग्राफिक्सवर दोन मॉनिटर चालतात, त्यांनी कार्डाआधी रॅमकडे पाहावे. अंगभूत ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरते. डीडीआर४-२४०० या प्रकारच्या रॅमची एकच पट्टी असेल तर कमाल वेग सेकंदाला १९.२ गिगाबाइट मिळतो आणि तशाच दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर ३८.४. सोळा जीबीची एक पट्टी देण्यापेक्षा आठ-आठच्या दोन देणे विक्रेत्याला सहज शक्य असते. ग्राहक विचारत नाही, म्हणून ते होत नाही.

या संदर्भात दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली आमच्या व्यवसायातील मंडळींना. संगणकाच्या बिलावर ‘२ जीबी ग्राफिक्स कार्ड’ एवढेच लिहिण्याची पद्धत सोडून कार्डाच्या मेमरीचा प्रकार, त्यावरील पोर्ट कोणते व किती, रॅमच्या पट्ट्या किती आणि यूपीएस किती वॅटचा, हे लिहून द्यावे. ग्राहकानेही ते लिहून मागावे. दुरुस्तीच्या पावतीवर ‘फॉरमॅट केले’ यापुढे ते का करावे लागले, याची एक ओळ असावी. दुसरी सूचना शिक्षणाबाबत आहे. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभाल आणि कोपा (संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायक) हे अभ्यासक्रम चालतात आणि आपल्या आठही जिल्ह्यांतील मुले ते पूर्ण करून थेट दुकानांत कामाला लागतात. या मुलांकडून प्रात्यक्षिकात एकदा तरी दोन भिन्न वेगांचे मॉनिटर जोडून, केबल या पोर्टातून त्या पोर्टात बदलून, प्रत्येक वेळी कार्डाची गती, तापमान आणि विजेचा आकडा वहीत उतरवून घ्यावा. त्यासाठी नवे साहित्य लागत नाही. संस्थेत पडून असलेला एक जुना मॉनिटर आणि एक केबल एवढे पुरते. आपल्या दैनिकाने जिल्हा पुरवणीत अशा तांत्रिक तक्रारींना अधूनमधून जागा दिल्यास सेवा केंद्रचालकांना, छायाचित्रकारांना आणि शिकवणी चालकांना त्याचा उपयोग होईल, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे लिहून देण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक,
अंबाजोगाई (जि. बीड)